हॅलोवीनच्या उरलेल्या कँडीचं तुमच्या घरी काय होतं?

मीठमोहर
सरळ प्रश्न विचारते. मुलांनी ३१ ऑक्टोबरला गोळा करून आणलेला कँडीचा ढीग तुमच्या घरी कसा संपतो? की संपतच नाही आणि एक दिवस गुपचूप कचऱ्यात जातो?

आम्ही न्यू जर्सीत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. दोघांनी उशांच्या खोळी घेऊन अख्खी कॉलनी पालथी घातली. शिवाय दारी वाटायला आणलेल्या पिशव्यांपैकी दोन तशाच बंद राहिल्यात, यंदा आमच्या गल्लीत मुलं कमी आली. त्यात दिवाळी दहाच दिवसांपूर्वी झालेली, फराळाच्या डब्यांत लाडू-करंज्या अजून आहेत. एवढं गोड एका घराने खाणं बरं नाही.

माझं मत आधीच सांगून ठेवते. कँडी मुलांची आहे, त्यांनी पायपीट करून मागून आणली आहे. आपण परस्पर तिची विल्हेवाट लावावी हे मला पटत नाही. पण "तुमचीच आहे, खा हवी तेवढी" असंही करवत नाही. मुलांना हाताशी घेऊन करता येईल असं काही सुचवा. पाकृ, खेळ, दान, काहीही चालेल. नवरा म्हणतोय ऑफिसात नेऊन ठेवतो. ते सोडून सांगा.

पोहेप्रेमी
ऑफिसचं खरंच राहू द्या. सोमवारी ब्रेकरूमचं टेबल बघितलं तर सगळ्यांच्या घरचं तेच तिथे येऊन पडलेलं असतं. आमच्याकडे एकाने बॅग भरून आणली आणि संध्याकाळी दुसऱ्या कोणाची तरी घेऊन घरी गेला.

निवांत_डॅलस
आम्ही दोन दिवस मजेत खाऊ देतो आणि तिसऱ्या दिवशी टाकतो. उगाच अपराधी वाटून घेत नाही. पोट म्हणजे कचऱ्याचा डबा नाही. साखर आणि पाम तेल टाकलं म्हणजे अन्न टाकलं, असं मी मानत नाही.

कोयनाकाठ
निवांत, तुमचा मुद्दा कळतो, पण मुलांच्या डोळ्यांसमोर पिशवीभर खायची वस्तू कचऱ्यात जाते तेव्हा ती काय शिकतात याचाही विचार करा. पानात टाकलेला भात उचलून खायला लावणारी आई आपल्याला लाभली. तीच सवय पुढे द्यायची असेल तर कँडीला वेगळा न्याय कशाला?

निवांत_डॅलस
पानात टाकू नये म्हणून आपण कमी वाढून घ्यायला शिकलो. इथे वाढणारे शंभर हात आहेत आणि आपल्या हातात काही नाही. त्यामुळे तुलना मला तितकीशी लागू वाटत नाही. पण देऊन टाकायची चांगली जागा असेल तर टाकण्यापेक्षा ते केव्हाही बरं, हे मान्य.

दंतकथा
मी व्यवसायाने दंतवैद्य आहे, तेव्हा थोडं लांबण लावते.

दातांच्या दृष्टीने किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. तोंडातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल प्रत्येक खाण्यानंतर बराच वेळ दातावर काम करत राहतं. जेवणानंतर लगेच तीन चॉकलेटं खाल्ली तर हा प्रकार एकदाच होतो, शिवाय जेवताना सुटलेली लाळ आम्ल धुऊन नेते. तीच तीन दिवसभरात तीन वेळा खाल्ली तर दातांवर तीनदा हल्ला. म्हणून "रोज एकच" हा नियम घालताना ते एक जेवणाला जोडून द्या.

दुसरं म्हणजे कुठली कँडी. साधं चॉकलेट त्यातल्या त्यात बरं, लवकर विरघळून निघून जातं. टॅफी, कॅरमेल, गमी बेअर्स दाढांच्या खाचांत चिकटून बसतात. चघळायच्या कडक गोळ्या तोंडात खूप वेळ राहतात आणि आंबट पावडर लावलेल्यांत मुळातच आम्ल असतं. तेव्हा ढीग कमी करायचा असेल तर आधी या तिन्ही बाहेर काढा.

आणि कित्येक दातांचे दवाखाने हॅलोवीननंतरच्या आठवड्यात मुलांकडून कँडी विकत घेतात. बऱ्याच ठिकाणी एका पौंडाला एक डॉलर असा भाव असतो. जमलेली कँडी पुढे परदेशी तैनात असलेल्या सैनिकांना पाठवतात. आपल्या भागातल्या दवाखान्यांना फोन करून विचारा, काही ठिकाणी दोन-तीन दिवसच घेतात.

सातारकर_मिनेसोटा
म्हणजे आमच्या पोरांच्या दातांना वाईट आणि सैनिकांच्या दातांना चालतं? हे मला कधीच नीट समजलेलं नाही.

दंतकथा
आमच्यातही यावर मतभेद आहेत, खरंच. पण घरापासून हजारो मैलांवर असलेल्या मोठ्या माणसाला महिन्यातून एकदा खाऊचा डबा येणं आणि सहा वर्षांच्या मुलाच्या हाताशी चोवीस तास बादली असणं यात फरक आहे. ऑपरेशन ग्रॅटिट्यूडसारख्या संस्था कँडीबरोबर मुलांची पत्रंही घेतात, आणि मिळालेल्या डब्यातलं तेच सैनिकांना जास्त आवडतं असं ऐकून आहे. आमच्या दवाखान्यात मुलं काउंटरवर बसून पत्र लिहितात. एका मुलाने लिहिलं होतं, "किटकॅट मी ठेवली आहेत, बाकी सगळं तुम्हाला."

सातारकर_मिनेसोटा
हाहा, तो मुलगा प्रामाणिक आहे. पटलं.

बाय द वे, आमच्याकडे हॅलोवीनला इतकी थंडी असते की मुलं सुपरमॅनच्या पोशाखावर जाड जॅकेट चढवून फिरतात आणि दर घरी चेन उघडून आतलं चिन्ह दाखवतात. एवढं करून आणलेली कँडी आपण टाकून दिली तर ती पोरं आपल्याला माफ करणार नाहीत. मीठमोहर यांच्याशी सहमत, ज्याची कमाई त्याला विचारा.

ऊनसावली
मालकीच्या मुद्द्यावर थोडं. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांची एक पद्धत आहे, ती आमच्या घरी छान चालली. हॅलोवीनच्या रात्री मुलांनी ढीग ओतायचा, वर्गवारी करायची, अदलाबदल करायची आणि हवं तेवढं खायचं. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्यानंतर कँडी एका डब्यात ठेवायची आणि जेवणात किंवा मधल्या खाण्यात मोजकी घ्यायची. हा नियम पाळला तर डबा मुलाच्या ताब्यात, नाही पाळला तर आपल्या ताब्यात.

पहिल्या रात्री काळजाचा ठोका चुकतो. पण मोकळीक आहे म्हटल्यावर मुलं आपणच हात आखडता घेतात. माझ्या धाकट्याने तिसऱ्याच दिवशी स्टारबर्स्टची अर्धी पिशवी "ही नको, कोणाला तरी दे" म्हणून आणून दिली. मी काही बोलले नव्हते. लपवाछपवी नाही, गादीखाली रॅपर नाहीत. हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

दख्खनचीराणी
आमच्याकडे स्विच विच येते. मुलं रात्री नकोशी कँडी दाराशी ठेवतात, सकाळी तिथे एक पुस्तक किंवा लेगोचा छोटा संच असतो. सहा वर्षांच्या मुलाला ही कल्पना फार आवडेल. नऊ वर्षांची मुलगी पाहून हसेल, पण लेगो घेईल.

कोयनाकाठ
स्विच विचचा एक तोटा म्हणजे ती कँडी शेवटी आपल्याच कपाटात येते. :)

चकलीचा_सोऱ्या
आता मुख्य विषयाकडे येऊ. मी पाकृ देतो. आपल्या लहानपणचा बिस्किटांचा चॉकलेट रोल आठवतो का, वाढदिवसाला सळसळत्या बटर पेपरातून निघायचा तो? उरलेल्या चॉकलेटचा यापेक्षा चांगला उपयोग मला माहीत नाही, आणि मुलं नव्वद टक्के काम स्वतः करतात.

साधी मिल्क चॉकलेटं २०० ग्रॅम (रॅपर काढून वजन करा), बिनमिठाचं लोणी ५० ग्रॅम, दोन मोठे चमचे हेवी क्रीम, एक मोठा चमचा बिनसाखरेची कोको पावडर, मारी बिस्किटं १५० ग्रॅम, भाजून जाडसर कुटलेले शेंगदाणे किंवा अक्रोड अर्धी वाटी. साखर अजिबात घालायची नाही.

बिस्किटं मुलांकडे द्या, हाताने मोडू द्या. नखाएवढे तुकडे राहिले पाहिजेत, भुगा नको. चॉकलेट, लोणी आणि क्रीम एकत्र करून उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा. वरच्या भांड्यात पाण्याचा थेंब किंवा वाफ जाऊ देऊ नका, चॉकलेट क्षणात दगडासारखं आवळतं. उतरवून कोको, मग बिस्किटं आणि दाणे. बटर पेपरवर ओतून घट्ट वळकटी करा, दोन्ही टोकं टॉफीसारखी पिळा, फ्रिजमध्ये चार तास. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यायची. आत बिस्किटांचे पांढरट तुकडे आणि भोवती गडद चॉकलेट असं छान नक्षीदार दिसतं.

स्निकर्स, मिल्की वे, ट्विक्स यात घालू नका. कॅरमेलमुळे रोल सेट होत नाही, कापला की ओघळतो. त्यांचे बारीक तुकडे करून ब्राउनीच्या पिठात ढकला, तिथे ओघळणं हाच गुण ठरतो.

मीठमोहर
हे शनिवारी नक्की. मुलीला वजनकाटा वापरायला फार आवडतो. धन्यवाद!

पोहेप्रेमी
आम्ही चिवड्यात एम अँड एम घालतो. पातळ पोह्यांचा चिवडा पूर्ण गार झाला की मूठभर. खारट, तिखट, मधेच गोड. मुलं डबाच्या डबा फस्त करतात.

चकलीचा_सोऱ्या
चिवड्यात. एम अँड एम.

कोयनाकाठ
धाग्याला आग लागली.

दख्खनचीराणी
पोहेप्रेमी, तुमचा आयडी बदलायची वेळ आली आहे. :)

पोहेप्रेमी
चिवड्यात बेदाणे घालता ना? पिठीसाखर भुरभुरता ना? मग गोडाला विरोध कसला? मी दिवाळीच्या चिवड्याला हात लावत नाही, तो आईच्या प्रमाणानेच होतो. नोव्हेंबरात उरलेल्या पोह्यांचा वेगळा घाणा काढतो. एकदा करून बघा, मग बोला.

सातारकर_मिनेसोटा
ट्रेल मिक्स म्हणून डोळे मिटून खाल्ला तर चालेल असं वाटतं. चिवडा म्हणून नाही.

अंगणवेल
मी शाळेत विज्ञान शिकवते. नोव्हेंबरचा पहिला आठवडा आमच्यासाठी पर्वणी असतो, कारण खर्च शून्य आणि मुलांचं लक्ष शंभर टक्के. घरी करता येणारे काही प्रयोग:

पांढऱ्या ताटलीच्या कडेने स्किटल्स गोल मांडा आणि मधोमध हळूच कोमट पाणी ओता. मिनिटभरात रंगांचे पट्टे मध्याकडे सरकतात आणि बराच वेळ एकमेकांत मिसळत नाहीत. मुलांना आधी विचारा, काय होईल? बहुतेक सगळी म्हणतात की तपकिरी चिखल होईल.

एम अँड एम अक्षराची बाजू वर ठेवून पाण्यात सोडा, हलवू नका. साखरेचं कवच विरघळतं आणि पांढरं एम अक्षर अलगद सुटून वर तरंगतं. ते अक्षर पाण्यात न विरघळणाऱ्या खाद्य शाईचं असतं.

आंबट कँडी पाण्यात विरघळवून त्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. फसफसलं तर आम्ल आहे. दंतकथा यांनी सांगितलेलं डोळ्यांनी दिसतं, मग वेगळं लेक्चर द्यावं लागत नाही.

थ्री मस्केटिअर्सचा तुकडा पाण्यात तरंगतो, स्निकर्सचा बुडतो. दोन्ही मधोमध कापून बघायला सांगा. पहिल्यात हवा भरून फेटलेलं नूगट आहे, दुसऱ्यात दाणे आणि कॅरमेल ठासलेलं.

आणि सगळ्यांत भारी म्हणजे विंटरग्रीन स्वादाच्या लाइफ सेव्हर्स. अगदी काळोख्या खोलीत पाचेक मिनिटं बसा, डोळे सरावू द्या आणि पक्कडीने गोळी चिरडा. निळसर ठिणगी दिसते. साखरेचे स्फटिक तुटताना प्रकाश निघतो, तो बहुतेक आपल्याला दिसत नाही, पण विंटरग्रीनचं तेल त्याचं दिसणाऱ्या निळ्या प्रकाशात रूपांतर करतं. माझ्या वर्गात या प्रयोगाला मुलं किंचाळतात.

मीठमोहर
अंगणवेल, हा प्रतिसाद मी प्रिंट करून फ्रिजवर लावतेय.

रानजाई
एक तातडीची सूचना. घरात कुत्रा असेल तर मुलांच्या बादल्या जमिनीवर ठेवू नका. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन कुत्र्यांना पचत नाही, जितकं गडद चॉकलेट तितका धोका जास्त. बिनसाखरेच्या च्युइंगगममधलं झायलिटॉल आणि मनुकेही त्यांना घातक. खाल्लं असं वाटलं तर वाट न बघता व्हेटला फोन करा.

गोदाकाठची
आमच्याकडे सासूबाई नाशिकहून आल्या आहेत. त्यांनी नातवाच्या पिशवीतली प्रत्येक कँडी उजेडात धरून तपासली. "अनोळखी माणसांनी दिलेलं खायचं?" हा त्यांचा प्रश्न. मला समर्पक उत्तर देता आलं नाही.

अंगणवेल
त्यांची काळजी अगदी स्वाभाविक आहे, इथल्या आयाही तेच करतात. पण त्यांना हे सांगा. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. हॅलोवीनला दारी आलेल्या मुलांना अनोळखी माणसाने सरसकट विष घालून मारल्याचं एकही सिद्ध झालेलं प्रकरण त्यांना सापडलं नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये एक मुलगा विषारी कँडीने गेला, पण ती त्याच्या स्वतःच्या बापाने विम्याच्या पैशांसाठी दिली होती. फाटलेलं रॅपर किंवा घरी केलेला अनोळखी खाऊ बाजूला काढणं पुरेसं आहे. तपासायचं असेल तर ॲलर्जीसाठी तपासा.

गोदाकाठची
वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बापाने? शिव शिव." आणि मग स्वतः एक रीसेस उघडून खाल्लं.

निळंआभाळ
ॲलर्जीचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझ्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. हॅलोवीनच्या रात्री त्याच्या पिशवीतलं बरंच काही त्याला खाता येत नाही. २०१४ पासून टील पम्पकिन प्रोजेक्ट देशभर चालतो. ज्या घरासमोर हिरवट-निळा भोपळा ठेवलेला असतो तिथे खायच्या ऐवजी पेन्सिली, स्टिकर, बाउन्सी बॉल असं मिळतं. असा भोपळा लांबून दिसला की तो धावत सुटतो.

तुम्हा सगळ्यांना एकच विनंती. उरलेल्या कँडीची बर्फी, रोल, ब्राउनी करून पॉटलकला किंवा मंडळाच्या कार्यक्रमाला नेलीत तर त्यात काय काय घातलं आहे ते कागदावर लिहून डब्यावर चिकटवा. मूळ रॅपर गेलं की आम्हाला कळायला काही मार्ग उरत नाही.

चकलीचा_सोऱ्या
फार महत्त्वाचं लिहिलंत. माझ्या रोलच्या पाकृत दाणे आहेत, ते वगळून बेदाणे घातले तरी छान लागतो. मात्र ॲलर्जी असलेल्या मुलासाठी करायचा तर मिश्र ढिगातलं चॉकलेट वापरू नका, वेगळं तपासून आणलेलंच घ्या.

माणदेशी
शाकाहारी मंडळींसाठी जोड देतो. इथल्या पाकिटांवर आपल्याकडचा हिरवा ठिपका नसतो, घटक वाचावे लागतात. स्टारबर्स्ट, गमी बेअर्स, मार्शमेलो, कँडी कॉर्न (मक्याच्या दाण्यासारखी दिसणारी तिरंगी गोळी) यांत जिलेटिन, म्हणजे प्राण्यांपासून काढलेला पदार्थ असतो. स्किटल्समध्ये पूर्वी असायचं, आता नाही. स्वीडिश फिश आणि सावर पॅच किड्समध्ये नाही. आमच्याकडे मुलगी दरवर्षी जिलेटिनवाल्यांचा वेगळा गट करते आणि शेजारच्या मैत्रिणीशी चॉकलेटवर सौदा करते. घासाघीस ऐकून वाटतं, मंडईत उभं केलं तरी पोरगी भाव पाडून आणेल.

दोनघरची
मी हे क्वचितच लिहिते, पण इथे उपयोगी पडेल. माझ्या मुलीला टाइप १ डायबिटीस आहे. आमच्या घरी हॅलोवीनची कँडी औषधाच्या कपाटात जाते. साखर खाली गेली की १५ ग्रॅम पटकन शोषली जाणारी कर्बोदकं द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. त्यासाठी इथल्या स्मार्टीज (चॉकलेटच्या नव्हे, साखरेच्या छोट्या चकत्यांचा रोल) उत्तम, एका छोट्या रोलमध्ये साधारण सहा ग्रॅम असतात आणि त्या जवळपास निव्वळ ग्लुकोजच्या असतात. स्किटल्सही चालतात. चॉकलेट मात्र अशा वेळी उपयोगाचं नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते.

हॅलोवीनला शेजारच्या तीन-चार घरची मुलं आपल्या वाटच्या स्मार्टीज आठवणीने आणून देतात. ती बरणी तिच्या शाळेच्या नर्सकडे, गाडीत, पियानोच्या बाईंकडे थोडी थोडी वाटून ठेवतो. तुमच्या ओळखीत असं मूल असेल तर त्याच्या आईला विचारा. मुलांनाही कळतं की आपली कँडी कोणाच्या कामी आली.

मीठमोहर
दोनघरची, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. माझ्या मुलीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याच्या आईला आजच मेसेज करते.

टोरांटोचा_तात्या
कॅनडात आमच्या मुलांच्या पिशवीत चिप्सची छोटी पाकिटंही भरपूर येतात. त्यामुळे आमचा प्रश्न आपोआप सुटतो, पहिल्या आठवड्यात शाळेच्या डब्यातच संपतात.

तिखटमीठ_पुणे
इकडे पुण्यात आमच्या सोसायटीतही आता हॅलोवीन करतात. आपल्या दिवाळीतच काय कमी असतं, असं वाटतं. असो, ते तुमच्या धाग्यात नको. पण एक विचारू का? डिसेंबरात येताना तुम्ही लोक जी चॉकलेटं आणता ती हीच का?

पोहेप्रेमी
इथे शांतता पसरली.

सातारकर_मिनेसोटा
काही घरांत हीच असतात, असं म्हणूया.

दख्खनचीराणी
न आणलेलीच बरी. हर्षीजच्या मिल्क चॉकलेटला एक आंबूस झाक असते, दूध हाताळायच्या पद्धतीमुळे त्यात ब्युटिरिक आम्ल तयार होतं असं सांगतात. भारतातल्या माणसाला ती चव पहिल्या घासाला जाणवते. माझ्या भाच्याने तर "मावशी, हे नासलंय" म्हणून परत दिलं होतं. न्यायचीच तर बंद पिशवीतली, ताजी तारीख बघून न्या. सुटी, चुरगळलेली कँडी कोणाच्या हातात ठेवू नका.

वडाचीपारंबी
धागा उशिरा पाहिला. बोरन्हाणाबद्दल कोणी लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं!

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येतं आणि इथे तेव्हा बोरं मिळत नाहीत, ऊस मिळालाच तर मोठ्या इंडियन ग्रोसरीत. आमच्या गावात पाच-सहा घरं मिळून एकत्र बोरन्हाण करतो आणि हॅलोवीनची राखून ठेवलेली चॉकलेटं त्यात वापरतो. नोव्हेंबरातच ठरवायचं. पॅक असलेली छोटी चॉकलेटं हवाबंद डब्यात, थंड कोरड्या जागी अडीच महिने सहज टिकतात. फ्रीझरमध्ये ठेवलीत तर बाहेर काढल्यावर डबा न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पाणी सुटतं.

गेल्या खेपेला बाळ होतं दीड वर्षाचं. काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, हलव्याची माळ. पाटावर बसवलं तर पहिल्यांदा भांबावलं. औक्षण झालं आणि आजीने चुरमुरे, तिळाच्या रेवड्या, हलवा आणि छोट्या किटकॅट असं सगळं परातीतून डोक्यावरून हळूच सोडलं. किटकॅटचं नारिंगी पाकीट त्याच्या मांडीवर येऊन पडलं तसं त्याने ते पकडलं आणि कार्यक्रम संपेपर्यंत सोडलं नाही. भोवती मोठी मुलं लुटायला टपलेलीच. त्यांनी स्वतःच हॅलोवीनला आणलेली कँडी पुन्हा लुटली आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, उलट दुप्पट आनंद.

काळजी एवढीच की छोट्या मुलांच्या डोक्यावर जड काही टाकायचं नाही, आणि कडक गोल गोळ्या, दाणे असलेली चॉकलेटं त्यात ठेवायचीच नाहीत. चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकतात. खालचं सगळं मोठ्यांनी लगेच उचलायचं.

मीठमोहर
पारंबीताई, हे मला सुचलंच नसतं! माझ्या बहिणीची मुलगी जानेवारीत एक वर्षाची होतेय, पहिलंच बोरन्हाण. ती इथून अर्ध्या तासावर राहते.

कोयनाकाठ
छानच कल्पना. शिवाय मराठी शाळेतही देता येईल. आमच्या मंडळाच्या शाळेत शिक्षिका मुळाक्षरांच्या खेळाला बक्षीस म्हणून छोटी चॉकलेटं ठेवतात. आधी विचारा मात्र, काही शाळांत खाऊ चालत नाही.

दख्खनचीराणी
आणि रंगीत पारदर्शक गोळ्या, जॉली रॅंचर वगैरे, त्या खाण्यापेक्षा कलाकुसरीला. कुटून बिस्किटाला मधे पाडलेल्या भोकात भरायच्या आणि ३५० फॅरनहाइटला चार-पाच मिनिटं. वितळून काचेसारख्या होतात. आकाशकंदिलाच्या आकाराची बिस्किटं करून त्याला दोरा ओवला तर खिडकीत सुंदर दिसतात.

चकलीचा_सोऱ्या
नानकटाईच्या पिठाची करू नका, तुपामुळे पसरतात आणि भोक बुजतं. शंकरपाळ्यासारखं घट्ट पीठ मळून जाडसर लाटा, कापून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, आधी नुसती भाजा आणि शेवटच्या पाच मिनिटांसाठी कँडी भरा. पार्चमेंटवरून पूर्ण गार झाल्याशिवाय उचलायची नाहीत. वितळलेली साखर भाजते, तिथे मुलांना हात लावू देऊ नका.

मीठमोहर
सगळ्यांचे प्रतिसाद रात्री जेवताना वाचून दाखवले आणि मग मुलांनाच ढीग वाटायला बसवलं. निकाल असा.

मुलीने स्मार्टीज सगळ्या वेगळ्या काढल्या, वर्गातल्या मित्रासाठी. त्याच्या आईचं उत्तर आलं, त्यांना हव्या आहेत. टॅफी, गमी आणि चिकट मंडळी शुक्रवारी दवाखान्यात जाणार. आमच्या भागातला एक दवाखाना घेतोय, मुलगा पत्रात रणगाडा काढून बसलाय. साध्या चॉकलेटचा रोल शनिवारी. बोरन्हाणासाठी किटकॅट आणि मिल्की वेचा डबा भरला, त्यावर मुलीने "जानेवारीपर्यंत उघडू नये" असं लिहून टेप लावली. बंद पिशव्या फूड पँट्रीला, फोन करून विचारलं, घेतात म्हणाले. बाकी त्यांची त्यांना. ती रोज रात्रीच्या जेवणानंतर.

मुलगा एका गोष्टीवर अडून बसला आहे. कँडी कॉर्न. त्याला स्वतःला आवडत नाही, कोणाला द्यायची नाही आणि टाकू द्यायचीही नाही.

निवांत_डॅलस
या एका बाबतीत तरी टाका.

अंगणवेल
थँक्सगिव्हिंगपर्यंत ठेवा. ओरिओच्या मधल्या क्रीममध्ये कँडी कॉर्न पंख्यासारखी खोचली की टर्कीचा पिसारा होतो. जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाच्या ताटाशी एक. त्याला काम सोपवून द्या, पिसारे करण्यात एक अख्खी दुपार जाते.

माणदेशी
कँडी कॉर्नमध्ये जिलेटिन आहे हे पाहुण्यांना सांगून ठेवा.

मीठमोहर
त्याला विचारलं. पिसारा चालेल म्हणाला, फक्त ते टर्की कोणी खायचे नाहीत.

पारंबीताई, हलव्याचे दागिने इथे कुठे मिळतात? की भारतातून मागवायचे?

वडाचीपारंबी
मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात बहुधा कोणीतरी विकतं, पण एक वर्षाच्या बाळाच्या मापाचे मिळतीलच असं नाही. पुण्याहून कोणी डिसेंबरात येत असेल तर सांगून ठेवा, मुकुट आणि बाजूबंद डब्यात कापूस घालून आणायला लावा, नाहीतर काटा झडतो. हलवा घरीही करता येतो, वेळ मात्र भरपूर लागतो. हवं असेल तर पुढच्या आठवड्यात वेगळा धागा काढते, पाकाच्या प्रमाणासकट.

मीठमोहर
काढाच. मी वाट बघतेय.